सागवानी हातांचा ड्रोन: सामान कसं निवडलं

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हे रोजचं काम. भाचा पॉलिटेक्निकला शिकतो. त्याच्या डोक्यात चार पंख्यांचा ड्रोन घरी करायचं आलं आणि माझ्या डोक्यात भावाचं सोयाबीन. पिवळा पडलेला पट्टा नेमका कुठून कुठपर्यंत आहे, ठिबकची नळी कुठे फुटून पाणी साचलंय, हे बांधावर उभं राहून कळत नाही. वरून लगेच कळतं. मामा-भाच्याचं जमलं.

जोडणीपेक्षा सामान निवडण्यातच आमचा जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला, असं माझं मत आहे. ड्रोनच्या सामानाबद्दल जी माहिती मिळते तिच्यात शेजारच्या गल्लीत सुट्या भागांचं दुकान आहे, असं गृहीत धरलेलं असतं. इथून हैदराबादचं कोठी मार्केट किंवा पुण्याची बुधवार पेठ म्हणजे रात्रभराचा प्रवास. घरपोच मागवलं तर बॅटरी विमानाने येत नाही, रस्त्याने रमतगमत येते. त्यात आपलं ऊन आणि आपली धूळ. म्हणून आधीच ठरवून टाकलं: मोडल्यावर संध्याकाळपर्यंत गावात दुरुस्त होईल ते सगळं गावातलं वापरायचं. गावात दुरुस्त होणारच नाही ते चांगल्यातलं घ्यायचं, आणि एखाद-दोन नग जास्तीचे घ्यायचे. पुढची प्रत्येक निवड या एकाच चाळणीतून गेली.

पहिल्यांदा वहीत वजनं लिहिली. माझ्याकडे तांब्याची तार जोखायचा एक ग्रॅमपर्यंतचा काटा आहे, तो कामाला आला. ड्रोनमध्ये एक वस्तू दुसरीला निवडते. कॅमेरा जड घेतला की बॅटरी मोठी लागते, बॅटरी वाढली की मोटार मोठी, मोटार वाढली की सांगाडा जाड, आणि सांगाडा जाड झाला की पुन्हा बॅटरी अपुरी. हे चक्र कुठेतरी खुंटी ठोकून थांबवावं लागतं. आम्ही खुंटी ठोकली १,२०० ग्रॅमवर. चार मोटारी २१० ग्रॅम, चार ईएससी (मोटारीची वीज कमी-जास्त करून तिचा वेग सांभाळणारे बोर्ड) १००, चार प्रोपेलर ५०, बॅटरी ३८०, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), जीपीएस आणि रिसीव्हर (रिमोटचे इशारे झेलणारा) मिळून ९०, वायरी आणि कनेक्टर ७०, छोटा कॅमेरा ५०. सांगाड्याला उरले २५० ग्रॅम. भाच्याला वाटत होतं सांगाडा आधी ठरतो. वही पुढे ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांचं वाटून झाल्यावर जे उरतं त्यात सांगाडा बसवायचा असतो.

आकार ४५० चा घेतला, म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटारींमधलं तिरकं अंतर ४५० मिलिमीटर. शेजारच्या दोन मोटारींमधलं अंतर मग ३१८ मिलिमीटर येतं. १० इंची प्रोपेलर २५४ मिलिमीटरचा, म्हणजे दोन पात्यांच्या टोकांत ६४ मिलिमीटर मोकळं राहतं. १२ इंची लावला तर जेमतेम १३ उरतात, हात, म्हणजे मोटार धरणारी सांगाड्याची दांडी, जरा लवचिक निघाला की संपलं. म्हणून १० इंचीच.

आता सांगाड्याचं साहित्य. यावर आमच्यात खरी चर्चा झाली.

“मामा, कार्बन फायबरच घ्या की. सगळे तेच घेतात.”

कार्बन फायबर उत्तमच आहे, त्यात वाद नाही. ॲल्युमिनियमपेक्षा हलकं आणि वजनाच्या मानाने फार ताठ. पण आमच्या चाळणीत ते अडकलं. ट्यूब चिरली की इथे तिला कोणी हात लावणार नाही, नवीच मागवावी लागेल. कापताना, भोकं पाडताना उडणारी भुकटी फुप्फुसाला वाईट. शिवाय कार्बन वीज वाहतो. सोललेली वायर घासून त्याला टेकली तर सरळ शॉर्ट. रेडिओच्या लहरीही तो अडवतो, त्यामुळे अँटेना बाहेर काढावी लागते. दिवसभर इन्सुलेशन तपासणाऱ्या माणसाला वीज वाहणारा सांगाडा मनापासून पटत नाही.

तयार नायलॉनचा ४५० सांगाडा बाजारात स्वस्त मिळतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने तो घेतला तर काही बिघडत नाही. खालच्या प्लेटमध्येच वीज वाटायची पट्टी असते, सोय चांगली. आम्हाला हात स्वतःचे करायचे होते म्हणून सोडला.

थ्रीडी प्रिंटिंग भाच्याच्या कॉलेजात होतं. तिथली रीळ पीएलए या प्लास्टिकची. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होतं ते सांगायला नको. मोटार बसवलेला हात तिथे वाकला तर वाकलेला आहे हे डोळ्याला दिसतही नाही, ड्रोन मात्र वर गेल्यावर गिरक्या घ्यायला लागतो. म्हणून मोटारीचा भार पेलणारा एकही भाग छापील ठेवला नाही. जीपीएसचा खांब आणि अँटेनाची क्लिप तेवढी पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापून घेतली, ते ८० अंशांच्या आसपास तग धरतं. ॲक्रिलिक दिसायला देखणं, पण पेचाच्या भोकापासून तडा जातो. पीव्हीसीचा वायरिंगचा पाइप स्वस्त आणि हलका, पण हाताने पिळला तर पिळतो, आणि ड्रोनचा हात असा पिळला की मोटार तिरकी.

उरले दोन: खिडक्यावाल्याकडचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणि लाकूड. दोन्हींचे हात करून बघितले. १२ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप २२ सेंटिमीटर लांब घेतला तर २६ ग्रॅम भरतो. १२ बाय १५ मिलिमीटरची सागवानी पट्टी तेवढ्याच लांबीची घेतली, तीही २६ ग्रॅमच. वजनाने निकाल लागेना.

सागवान आणायला सुताराकडे गेलो. जुन्या वाड्याच्या चौकटीतून निघालेले तुकडे मिस्त्रींनी कोपऱ्यात रचून ठेवले होते. मी वरचाच उचलला.

“तो नका घेऊ. नस बघा, तिरपी पळतीय. असल्या लाकडाला ताण आला की नशीवरच फाटतंय.”

मग त्यांनी एक एक तुकडा उजेडाकडे धरला, अंगठ्याने कडेवरून रेष शेवटापर्यंत मागत गेले, आणि गाठ नसलेले, रेष टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले काढून दिले. जुनं सागवान चांगलं मुरलेलं असतं, ते नंतर पीळ घेत नाही, हेही त्यांचंच म्हणणं. रंधा मारून चारही पट्ट्या एका मापाच्या केल्या. मी त्या काट्यावर टाकल्या. दोन पट्ट्या दोन-तीन ग्रॅम जड भरल्या, त्यांच्यावर त्यांनी पुन्हा हलका हात फिरवला. चारही सारख्या झाल्यावर ते समाधानाने हसले. खिडकीच्या कामात इतका बारीक हिशेब कोणी मागत नाही, म्हणाले.

दोन्ही सांगाडे उडवल्यावर फरक उघड झाला. ॲल्युमिनियमचा हात मोटारीची थरथर जशीच्या तशी मध्यभागी पोचवतो. लाकूड ती वाटेतच पुष्कळशी गिळतं. आम्ही आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर वापरतो. ते उड्डाणातल्या थरथरीची नोंद ठेवतं. हा आकडा ३० मीटर प्रति सेकंद वर्गच्या खाली असला तर साधारण चालतो, ६० च्या वर गेला की उंची आणि जागा धरून ठेवण्याचं काम जवळजवळ हमखास बिघडतं. त्याच मोटारी, तेच प्रोपेलर, तोच कंट्रोलर. ॲल्युमिनियमवर आकडा तिशीच्या पलीकडे जाई, लाकडावर पंधराच्या आत राही. दुसरं, जोरात आदळल्यावर ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेलंच राहतं. पाणसळ लावून सरळ करत बसा, पूर्ववत होत नाही. लाकूड एकतर टिकतं किंवा मोडतं. मोडलं तर मिस्त्रींकडून पट्टी आणायची, दोन भोकं पाडायची, काम संपलं. हात मोडून मोटार वाचली तर मला तो सौदा कधीही मान्य आहे, कारण मोटार हैदराबादहून येते आणि पट्टी गल्लीतून.

मधल्या दोन प्लेटा ३ मिलिमीटर प्लायच्या. वरून सनमायका चिकटवून बघितला, ताठपणा वाढला पण वजनही वाढलं, म्हणून साध्या प्लायवर सीलर मारला. कापलेल्या कडांना आणि भोकांच्या आतूनही सीलर लावायचा, लाकूड पावसाळ्यात तिथूनच ओल पितं. प्रत्येक नटाखाली वॉशर, आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे.

मोटारींच्या बाबतीत मी जरा जास्त बोलणार, विषय माझा आहे.

ए२२१२, १००० केव्ही या मोटारी घेतल्या. यातला २२ म्हणजे आतल्या स्टेटरचा (न फिरणाऱ्या, वेढे भरलेल्या गाभ्याचा) व्यास मिलिमीटरमध्ये, १२ म्हणजे त्याची उंची. १००० केव्ही म्हणजे बिनओझ्याची मोटार दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे घेते. तीन सेलच्या बॅटरीच्या ११.१ व्होल्टवर ११,१०० फेरे झाले, प्रोपेलर लावल्यावर अर्थात कमी. जास्त केव्हीची मोटार भाच्याला आधी जास्त ताकदीची वाटायची. वाइंडिंग करणाऱ्याला यात नवं काही नाही: थोडे वेढे जाड तारेचे भरले की मोटार पळते, जास्त वेढे बारीक तारेचे भरले की सावकाश फिरते पण दर अँपिअरला जोर जास्त देते. शर्यतीच्या छोट्या पाच इंची ड्रोनला पळणारी मोटार लागते. आपल्याला शेतावर एका जागी थांबून बघायचंय, म्हणून मोठा प्रोपेलर आणि सावकाश मोटार.

आत स्टेटरला १२ दात आणि भोवतीच्या कवचात १४ चुंबकं. तीन वायरी बाहेर. पंपाची मोटार उलटी फिरली तर आपण कोणत्याही दोन फेज अदलाबदल करतो, इथेही अगदी तेच. चारपैकी दोन मोटारी घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरवायच्या असतात, वायरी बदलल्या की झालं. स्टार-डेल्टा, म्हणजे गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती, याही इथे आहेत. तीच गुंडाळी डेल्टात जोडली की केव्ही स्टारच्या १.७३ पट. माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांना स्टार्टरमुळे ही नावं तोंडपाठ असतात, तेव्हा मोटार हातात घेऊन दाखवली की विषय लगेच उमगतो.

दुकानात घेताना आणि घरी आल्यावर कसं तपासायचं ते सांगतो. मोटार कानाजवळ धरून हाताने फिरवायची. खरखर आली तर बेअरिंग खराब. शाफ्ट वर-खाली ओढून बघायचा, जाणवेल इतका खेळ नको. घरी आणल्यावर मी ड्रिल मशीनच्या चकमध्ये शाफ्ट धरतो, बूड फडक्यात गुंडाळून पक्कं पकडतो आणि फिरवतो. मोटार मग जनित्रासारखी वीज देते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन वायरींपैकी दोन-दोनमध्ये मोजायचं. २,८०० फेऱ्यांना १००० केव्हीची मोटार २ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा बराच जास्त आला तर केव्ही लिहिलंय त्याहून कमी, कमी आला तर जास्त. महत्त्वाचं म्हणजे तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा. एक जोडी वेगळी आली तर वेढे कमी-जास्त आहेत किंवा आत कुठे शॉर्ट आहे, ती मोटार बाजूला. चारही मोटारी एकमेकींच्या जवळ असणं हे कोणत्याही एका मोटारीच्या भारी आकड्यापेक्षा मोलाचं. मी पाच आणल्या आणि त्यातल्या जुळणाऱ्या चार लावल्या.

उचल किती तेही काट्यावरच बघितलं. लाकडी ठोकळ्यावर मोटार बसवून ठोकळा काट्यावर ठेवला. प्रोपेलर पालथा बसवला आणि दोन वायरी बदलून मोटार उलटी फिरवली, म्हणजे वारा वर जातो आणि मोटार ठोकळा खाली दाबते. वारा काट्यावर पडला असता तर वाचन खोटं आलं असतं. भरलेल्या तीन सेलच्या बॅटरीवर, १० इंची प्रोपेलरसह पूर्ण जोरात ७५० ग्रॅमच्या आसपास आले. चारांचे ३,००० ग्रॅम. वजन १,२००, म्हणजे अडीच पट. दुपटीच्या खाली गेलं तर वाऱ्यात ड्रोन सावरत नाही, तेव्हा अडीच पट ठीक. हे करताना ठोकळा काट्याच्या ताटालाच शिकंज्याने पक्का आवळायचा, डोळ्यांना चष्मा, आणि पात्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. १० इंचाचं पातं बोट सहज कापतं.

मोटार बसवायचे पेच एम३ चे. लांबी मोजूनच घ्यायची. पेच एक-दोन मिलिमीटर जास्त आत गेला तर थेट वाइंडिंगला टेकतो, एनॅमल खरवडतो आणि मोटार जाते. माझ्यासमोर असा प्रकार घडला तर जीव तुटतो, कारण इतक्या बारीक तारेचं पुन्हा भरणं फार किचकट.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मुलखाची. इथली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवला की काळी वाळू चिकटते, ते लहानपणी सगळ्यांनीच केलंय. मोटारीच्या कवचातही चुंबकंच आहेत, आणि आतली फट एक मिलिमीटरसुद्धा नाही. शेतात मातीवरून दोन-चार वेळा उडवला की हे कण आत शिरून चुंबकांना बिलगतात आणि फिरताना किसकिस आवाज यायला लागतो. फुंकून ते निघत नाहीत. मी कवच काढून चिकटपट्टीचा चिकट भाग चुंबकांवर दाबून दाबून ते उचलतो. एका मोटारीतून निघालेले कण पांढऱ्या कागदावर ठेवले तर चिमूटभर भरले. म्हणून आता उडवायला आणि उतरवायला ताडपत्री अंथरतो, आणि ड्रोनला पाय उंच ठेवले आहेत. पाय बांबूच्या कामट्यांचे, तेही गावातलेच.

गरमीचंही बघावं लागतं. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या आसपास कायमची कमी व्हायला लागते. ड्रोन उतरला की मोटारीला बोट लावून बघतो. बोट टिकलं तर चिंता नाही. एकच मोटार बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिचा पंखा, बेअरिंग आणि सरळपणा तपासल्याशिवाय पुन्हा उडवत नाही.

प्रोपेलरमध्ये १०४५ म्हणजे १० इंच व्यास आणि ४.५ इंच पिच (एका फेऱ्यात पातं पेचासारखं जितकं पुढे सरकेल ते अंतर). सरळ आणि उलट अशा जोड्या लागतात. कार्बनचे ताठ आणि धारदार असतात. आम्ही नायलॉनचे घेतले, कारण आदळल्यावर पातं मोडतं आणि शाफ्ट वाचतो. मोटारीबरोबर दोन प्रकारचे बसवण असतात. एक शाफ्टला आवळून धरणारा, दुसरा कवचाला पेचांनी बसणारा. आवळणारा थरथरीने सैल होऊ शकतो, म्हणून पेचांचा लावला. प्रत्येक प्रोपेलर तोलून घेतला: मधल्या भोकातून सुई ओवून आडवा धरायचा, जड बाजू खाली जाते, तिथल्या पात्याला पाठीमागून बारीक पॉलिशपेपर. वेळ खाणारं काम, पण थरथर कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

ईएससी ३० अँपिअरचे. मोटार इतकं ओढत नाही, १५ च्या आत-बाहेर असते, पण चाळिशी ओलांडलेल्या उन्हात यंत्राला मोकळीक ठेवायला हवी. ईएससी हाताच्या खालच्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यात बांधले. वायर सिलिकॉनचीच, १४ गेजची, आणि बॅटरीकडे १२ गेजची. घरगुती वायरिंगची वायर इथे चालत नाही, तिचे पदर जाड असतात आणि थरथरीने सोल्डरपाशी तुटतात. कनेक्टर एक्सटी६०.

बॅटरीवर आमचं बरंच गणित झालं. तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी: ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. २२०० एमएएचची १८० ग्रॅमची आणि ५००० ची ३८० ग्रॅमची, अशा दोन्ही डोळ्यांपुढे होत्या. क्षमता सव्वादोन पट, पण वेळ तितका वाढत नाही, कारण ती स्वतःलाही उचलते. लहान बॅटरीवर आठ-नऊ मिनिटं, मोठीवर चौदाच्या आसपास. शेताची एक फेरी आणि थोडं थांबून बघणं यासाठी चौदा मिनिटं पुरतात, म्हणून मोठी घेतली. बॅटरी क्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकते तो आकडा म्हणजे सी. पाटीवर लिहिलेला सी मी निम्माच धरतो. २५ सीची ५००० एमएएच म्हणजे कागदावर १२५ अँपिअर, निम्मे धरले तरी ६२. चारही मोटारी एकदम पूर्ण जोरात गेल्या तरी भागतं.

भाच्याने जुन्या लॅपटॉपच्या सेलची बॅटरी करायचं सुचवलं होतं. ते सेल साठवणीला चांगले, पण एकेक सेल पाच-सहा अँपिअरच्या पुढे दमतो. आमचा ड्रोन नुसता हवेत थांबायलाच १३-१४ अँपिअर मागतो. दोन-दोनच्या जोड्या लावूनही पुरत नाही, आणखी लावले तर वजनाची खुंटी उपटली जाते.

लिपो मे महिन्यात सांभाळणं हे वेगळं कामच आहे. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ती मुळीच ठेवत नाही. शेतात नेताना पाण्याने ओलं केलेल्या पोत्याच्या सावलीत, डब्यात. उतरवल्यावर गार होईपर्यंत चार्जिंगला लावायची नाही. चार्जर बॅलन्सचाच, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा, आणि चार्जिंग मातीच्या परातीत, शेजारी वाळूची बादली, समोर माणूस. सेल ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. काही दिवस उडवायचं नसेल तर ३.८ व ३.८५ च्या मध्ये आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी कितीही महागाची असली तरी पुन्हा लावायची नाही.

फ्लाइट कंट्रोलर घेताना बाजारात एपीएम २.८ स्वस्तात मिळतो. आर्डुपायलटने त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर देणं कधीच थांबवलंय, तेव्हा शिकण्यापुरता ठीक. आम्ही एफ४०५ चिपचा, बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर) असलेला बोर्ड घेतला. तो मऊ रबरी बुशांवर बसवला आणि बॅरोमीटरवर काळ्या स्पंजचा तुकडा लावला. पंख्याचा वारा थेट बसला तर उंची चुकते, आणि काही बॅरोमीटर उन्हाच्या झोतानेही फसतात. जीपीएस आणि कंपास खांबावर उंच, कारण जाड वायरींतून प्रवाह गेला की त्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कंपासला भुलवतं. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा, फ्लायस्काय कंपनीचा. पहिल्या ड्रोनला त्याहून जास्त काही लागत नाही.

कायद्याचा विचारही वजन ठरवतानाच केला. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो गटात येतो, आणि तो व्यवसायासाठी वापरत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आपली जागा हिरव्यात आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघायचं. नोंदणीचं तेवढं समजून घ्यायचं, आणि विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी नकाशा आधी उघडायचा. तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाली, सुट्या भागांची चालू आहे. घरी करणाऱ्याला तेवढं पुरतं.

पण गावात कायद्याइतकंच महत्त्वाचं आणखी एक आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालन्याकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरताना दिसले आणि लोकांनी रात्र-रात्र जागून काढली. ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून उडवायच्या आधी पोलीस पाटलांना आणि शेजारच्या शेतमालकांना सांगतो, दिवसाच उडवतो, दुसऱ्याच्या घरावरून नेत नाही. ड्रोनच्या पोटाला भगव्या रंगाचा पट्टा मारलाय, खालून ओळखू यावा म्हणून. आता पोरं तो पट्टा बघून माझं नाव घेतात, आणि कोणी घाबरत नाही.

सुट्या सामानाचा डबा कायम भरलेला असतो: प्रोपेलरच्या जोड्या, एक मोटार, एक ईएससी, एम३ चे मोजून कापलेले पेच, नायलॉक नट, सोल्डर, आणि भोकं पाडून तयार ठेवलेल्या दोन सागवानी पट्ट्या. कंट्रोलर दुसरा घेतलेला नाही, तो महाग आहे आणि तो मोडेल असं आदळणं सांगाडा अंगावर घेतो.

भाच्याला आता चार सेलची बॅटरी लावायची आहे. ईएससी चार सेल सोसतात, पण १००० केव्हीच्या मोटारीला १४.८ व्होल्टवर १० इंची प्रोपेलर दिला तर ती इथल्या उन्हात तापून चुंबकं घालवेल. एकतर आठ इंची प्रोपेलर लावायचे किंवा ८०० केव्हीच्या आसपासच्या, जरा उंच स्टेटरच्या मोटारी आणायच्या. माझा कल मोटारींकडे आहे, कारण शेतावर थांबून बघायला मोठं पातंच बरं. रब्बीचं पाणी सुरू आहे, दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागलीय, हैदराबादला जायला सवड नाही. तोवर आठ इंचीच्या दोन जोड्या मागवल्या आहेत. त्या किती उचलतात आणि किती अँपिअर ओढतात, ते काट्यावर ठेवून बघू.